तात्पुरती धर्मशाळा

आमच्या सर्व्हर रूमच्या फरशीखाली केबलींचा गुंता आहे. नवी केबल टाकली की जुनी काढायची असा नियम आहे, पण काढत कुणीच नाही, कारण जुनीतून अजून काही वाहतंय की नाही याची खात्री कुणालाच नसते. आमच्या खात्यातले किस्से तसेच साठलेत. कुठला संपला आणि कुठला चालू आहे, सांगता येत नाही. परवा खात्यातल्या त्यागीबरोबर चहा पिताना एक ओढला, तर मागून सगळे निघाले. म्हटलं, आता लिहूनच टाकावेत.

बहुतेक किस्से देवधरसाहेबांचेच. गुडगावातल्या आमच्या इंटरनेट कंपनीत ते नेटवर्क खात्याचे प्रमुख होते. शिकले पहाडगंजच्या मराठी शाळेत, त्यामुळे दिल्लीत जन्म जाऊनही मराठी अगदी छापील. माझ्या इंटरव्ह्यूला त्यांनी अर्जावरचं नाव वाचलं. "रूथ गायकवाड. म्हणजे मराठी येत असेल."

"येतं सर, पण सरकारी क्वार्टर्समधलं. म्हणजे बिल्कुल मिक्स."

"चालेल. इथे नेटवर्कही मिक्सच आहे."

ते मिक्स म्हणजे काय, हे आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. इंटरनेटवर प्रत्येक मशीनला एक नंबर लागतो, टेलिफोनला लागतो तसा. ज्यांनी ही पद्धत ठरवली त्यांना वाटलं होतं, एवढे नंबर जगाला पुरून उरतील. मग इकडे बाजार खुला झाला, खासगी कंपन्यांना इंटरनेट विकायची परवानगी मिळाली, गुडगावच्या मोहरीच्या शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि आम्ही नंबर मागायला गेलो तर आमच्या हातावर मोजकेच टेकवले गेले. साहेब म्हणायचे, "आपण पंगतीला उशिरा पोचलो. आधी आलेल्यांनी दोन-दोन पानं अडवून ठेवलीत."

यावर उपाय म्हणून नव्या, लांबलचक नंबरांची पद्धत निघाली होती. ते कधी संपणार नव्हते. अडचण एकच. जुन्या नंबराचं मशीन नव्या नंबराच्या मशीनशी बोलू शकत नाही. त्यामुळे सगळं जग नव्यावर जाईपर्यंत दोन्ही शेजारी-शेजारी चालवायचे. "दोनेक वर्षांचा प्रश्न आहे," साहेब म्हणाले. मी नवी होते, मला खरं वाटलं.

तोवर काय करायचं? साहेबांनी डोकं लढवून एक पेटी बसवली. बाहेरच्या जगाला तिचा एकच जुना नंबर दिसायचा आणि त्याच्या आड शेकडो घरं असायची. कुणी आलं की पेटी त्याला तेवढ्यापुरती जागा द्यायची, तो गेला की ती दुसऱ्याला. त्यागीने तिचं नाव ठेवलं धर्मशाळा. साहेबांनी पेटीवर आपल्या हाताने कागद चिकटवला, "टेम्पररी". आणि आम्हाला सांगितलं, "ही मी बांधली आहे, मीच बंद करणार. शेवटचा पाहुणा नव्या घरी गेला की बटण मी दाबणार. तोवर रिटायर होणार नाही."

हे त्यांच्या आयुष्यातलं एकमेव स्वप्न होतं असं म्हटलं तर त्यांच्या पत्नी, वसुधाकाकू, रागावतील. पण ऑफिसातल्या आयुष्यात तरी त्यांना दुसरं काही नको होतं.

*

त्यागीची ओळख करून द्यायला हवी. गाझियाबादचा, आवाज मोठा, स्मरणशक्ती त्याहून मोठी. आमच्या सगळ्या मशीनचे जुने नंबर त्याला तोंडपाठ. सासऱ्याचा टेलिफोन नंबर विसरेल, पण मेल सर्व्हरचा नाही.

साहेबांनी नव्या नंबरांचा पहिला वर्ग घेतला. फळ्यावर एक नंबर लिहायला घेतला, तो आकडे आणि इंग्रजी अक्षरं घेत फळ्याच्या टोकापर्यंत गेला, वळला आणि खालच्या ओळीत उतरला. मागून त्यागी म्हणाला, "सर, ये एड्रेस है या गाड़ी का चेसिस नंबर?"

वर्ग हसला. साहेबांनी खडू खाली ठेवला.

"त्यागी, अपनी गाड़ी का चेसिस नंबर याद है?"

"नहीं सर."

"फिर भी गाड़ी चलती है?"

"चलती है सर."

"तो बैठो."

मग असं झालं की वर्गातले लोक शिकले, आणि शिकल्यामुळे त्यांना बंगलोरला चांगल्या नोकऱ्या मिळाल्या. नवे आले. साहेबांनी पुन्हा वर्ग घेतला, त्यागीने पुन्हा तोच विनोद केला. तेही गेले, आणखी नवे आले. तो वर्ग इतक्यांदा झाला की शेवटी-शेवटी साहेब फळ्यावर नंबर लिहून संपवायचे आणि मागे वळून त्यागीची वाट बघत थांबायचे. त्यागी बिचारा उठून आपलं वाक्य म्हणायचा. हसायचं फक्त नव्यांनी.

*

शेवटी एकदाचे आम्ही नवे नंबर चालू केले. साहेबांनी भिंतीवर एक स्क्रीन लावला होता, त्यावर दोन रेघा. लाल रेघ जुन्या नंबरांवरच्या वाहतुकीची, हिरवी नव्यांची. लाल रेघ सकाळी चढायची, दुपारी डुलकी घ्यायची, संध्याकाळी पुन्हा चढायची. हिरवी जमिनीला चिकटलेली.

रस्ता तयार होता, दिवे लागले होते, पण येणारं कुणी नव्हतं. साहेब रोज आल्या-आल्या डबा ठेवायच्या आधी त्या रेघेकडे बघायचे. नर्सरीत बी पेरून रोज माती उकरून बघणारे लोक असतात, तसे.

एका सकाळी हिरवी हलली. अगदी बारीक टेंगूळ, पण स्पष्ट. थोड्या वेळाने आणखी एक. मग दर थोड्या वेळाने, अगदी नियमित. साहेब खुर्चीतून उठले. "आलं कुणीतरी," एवढंच म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. त्यागी धावत जाऊन मिठाई घेऊन आला. अकाउंट्सच्या लोकांना कशाची मिठाई ते कळलं नाही, पण त्यांनीही खाल्ली. खन्नासाहेबांच्या केबिनमध्ये बर्फीची प्लेट गेली. खन्नासाहेब आमचे जनरल मॅनेजर.

दुपारी मी शोधायला बसले, हा पहिला ग्राहक कोण. शोधत-शोधत पोचले ती आमच्याच खोलीत. रेघ काढणारं जे मशीन होतं, ते "रस्ता नीट आहे ना" हे तपासायला अधूनमधून त्याच रस्त्यावर एक चक्कर मारत होतं. आम्ही आमच्याच वॉचमनच्या येण्या-जाण्याची मिठाई वाटली होती.

साहेबांना कसं सांगावं कळेना. सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला बर्फीचा तुकडा बघितला, आणि खाऊन टाकला. "रस्ता नीट आहे एवढं तरी कळलं," म्हणाले. खन्नासाहेबांना मात्र त्यांनी त्याच संध्याकाळी जाऊन खरं ते सांगितलं. खन्नासाहेब उदार मनाचे. "कोई बात नहीं देवधर जी, बहुत बढ़िया काम है. अगले साल देखेंगे."

हे वाक्य आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

*

साहेबांनी ठरवलं, ग्राहक येत नसतील तर आपण जायचं. पहिला दौरा पानिपतचा. तिथे चादरी-सतरंज्यांचे एक मोठे निर्यातदार आमचे ग्राहक होते. साहेब आणि मी, म्हणजे दोन मराठी माणसं, तयारी करून पानिपतला निघालो. यावर जो काही विनोद सुचत असेल तो ऑफिसात वर्षभर रोज झालेला आहे, तेव्हा तो इथे नको.

लालाजी प्रेमळ होते. आधी लस्सी पाजली, मग ऐकून घेतलं. साहेबांनी पंगतीपासून सगळं समजावलं. लालाजींनी मान हलवत विचारलं, "नए वाले से मेरी मेल जल्दी जाएगी?"

"जी नहीं."

"विलायत के ग्राहक बढ़ेंगे?"

"नहीं, उससे संबंध नहीं है."

"तो लगाने के बाद होगा क्या?"

साहेब सरळ माणूस. "कुछ नहीं होगा लालाजी. सब जैसा है, वैसा ही चलता रहेगा. यही तो इसकी खूबी है."

लालाजींनी आमच्याकडे दयेने पाहिलं. "वैसा तो अभी भी चल रहा है, जी."

येताना मुरथलच्या ढाब्यावर थांबलो. पराठ्याला साहेबांनी हात लावला नाही. मी म्हटलं, "सर, सेल्सवाले सांगतात तसं सांगायचं ना, नवीन म्हणजे फास्ट."

"खोटं बोललो असतो तर त्यांनी घेतलं असतं," साहेब म्हणाले. "तेच टोचतंय."

निघताना लालाजींनी आम्हा दोघांना एकेक चादर दिली होती. माझ्या चादरीचा रंग अजून गेलेला नाही, इतकी वर्षं धुतेय.

*

एकदा मात्र ग्राहक आपणहून आला. कर्नलसाहेब. रिटायर्ड, हातात छडी, मिशा तशाच. त्यांची सोसायटी नवी, सगळे फ्लॅट भरलेले, आणि सगळे आमच्या धर्मशाळेत. सुट्ट्या लागायच्या आधी सोसायटीतल्या सगळ्यांनी एकदमच विमानाच्या तिकिटांची एक साइट उघडली. त्या साइटला दिसला एकच नंबर. तिला वाटलं, एकच माणूस एवढी तिकिटं काढतोय, म्हणजे दलाल असणार. तिने दार लावून घेतलं. नेमके त्या वेळी कर्नलसाहेब लेकीकडे जायचं तिकीट काढत होते, आणि त्यांच्या स्क्रीनवर आलं की दलालांना प्रवेश नाही.

ते आले तेव्हा पूर्ण मजला उठून उभा राहिला. "मेरा एड्रेस आपने किसके साथ शेयर किया है?"

"पूरी सोसाइटी के साथ, सर," साहेब म्हणाले.

"मैंने अलग फ्लैट लिया है!"

"फ्लैट अलग है सर. बाहर का दरवाज़ा एक है."

"तो मुझे अलग दरवाज़ा चाहिए."

साहेबांचा चेहरा असा उजळला की मला हसूच आलं. इतक्या वर्षांत प्रथमच कुणीतरी ते मागत होतं जे द्यायला ते बसले होते. त्यांनी कर्नलसाहेबांना बसवलं, चहा मागवला, नवे नंबर समजावले. कर्नलसाहेबांना पटकन कळलं. "तो देते क्यों नहीं? सबको दो. मैं बात करता हूँ." दोघे खांद्याला खांदा लावून खन्नासाहेबांच्या केबिनमध्ये शिरले. त्यागी दाराशी कान लावून उभा. आम्हाला वाटलं, आता झालंच.

थोड्या वेळाने कर्नलसाहेब एकटेच बाहेर आले, खुशीत, छडी फिरवत. खन्नासाहेबांनी राखून ठेवलेल्यांतला एक जुना नंबर काढून त्यांना देऊन टाकला होता. स्वतंत्र, फक्त त्यांचा. मागून साहेब आले. त्यागी दारातून बाजूला झाला. साहेबांनीच सांगितलं, "अगले साल देखेंगे."

मला आजही खन्नासाहेबांपेक्षा त्या कर्नलसाहेबांचा राग येतो. सबको दो म्हणाले होते.

*

हा छोटा आहे. ऑडिटवाले येणार होते. त्यांचा दंडक असा की सर्व्हर रूममध्ये हाताने लिहिलेली एकही चिठ्ठी चालणार नाही. सगळी नावं पक्की हवीत. अ‍ॅडमिनच्या लोकांनी खोलीत फिरून जिथे जे लिहिलं होतं ते उतरवून घेतलं आणि स्टीलच्या पाट्या करून आणल्या. धर्मशाळेवरचा साहेबांचा कागद एव्हाना पिवळा पडून त्याचा कोपरा उडाला होता. तो काढून त्यांनी तिथे चार स्क्रूंनी पाटी ठोकली.

साहेब रजेवरून आले, पेटीसमोर उभे राहिले. झळझळीत स्टील, त्यावर खोदलेली अक्षरं, "टेम्पररी".

त्यांनी पाटीवरून बोट फिरवलं. "हे आता माझ्यापेक्षा जास्त टिकेल," म्हणाले. आम्ही तेव्हा पुष्कळ हसलो होतो.

*

साहेबांचं घर ऑफिसपासून जवळच होतं, नव्या सेक्टरांतलं. बांधलं तेव्हा घराला प्लॉटचा नंबर होता. मग वस्ती वाढली, सेक्टरवाल्यांनी सगळ्या घरांना नवे नंबर दिले आणि जुने रद्द केले. रद्द केले म्हणजे कागदावर. दूधवाला, धोबी, कुरिअरवाला, आणि साहेबांचे पानिपतापासून पुण्यापर्यंतचे नातेवाईक, सगळे जुन्याच नंबरावर येत राहिले. त्यामुळे साहेबांच्या फाटकावर दोन पाट्या. एकीवर नवा नंबर, दुसरीवर जुना.

नाताळात मी करंज्या घेऊन त्यांच्याकडे जायचे. आमच्या घरी नाताळला करंज्या करतात याचं वसुधाकाकूंना फार कौतुक. एकदा फाटकाशी उभी राहून मी साहेबांना चिडवलं, "सर, सगळ्या देशाला जुना नंबर सोडा म्हणता, आणि घरी?"

"मी काढायला गेलो होतो," साहेब हळूच म्हणाले. "पान्यासकट परत आलो."

आतून काकूंचा आवाज आला. "माझी माणसं येतात त्या नंबरावर. शेवटचं माणूस नव्यावर आलं की खुशाल काढा."

घरात आणखी एका गोष्टीला हात लावायची साहेबांना मनाई होती, ती म्हणजे काकूंचा कॉम्प्युटर. मंजिरी, त्यांची लेक, ऑस्ट्रेलियात. काकू तिच्याशी रोज त्यावरून बोलायच्या. साहेबांनी एकदा त्यात काहीतरी सुधारणा केली आणि आठवडाभर मंजिरीचं तोंड दिसलं नाही. तेव्हापासून कॉम्प्युटर, त्याच्या मागची ती जुनी राउटरची डबी, सगळं जसंच्या तसं. कॉम्प्युटर आणि डबी, दोन्हींना नवे नंबर कळत नव्हते. म्हणजे देवधरसाहेबांचं घर कुठे, तर धर्मशाळेत! हे ऑफिसात फक्त मला माहीत होतं, आणि मी कुणाला सांगितलं नाही.

*

रिटायर होणार नाही म्हणून कुणाला रिटायर व्हायचं थांबता येत नाही. साहेबांचा दिवस आला. लाल रेघ डोंगरासारखी, हिरवी जमिनीपासून बोटभर. धर्मशाळा तुडुंब.

निरोप समारंभ चांगला झाला, समोसे गरम होते. खन्नासाहेब मनापासून बोलले, हे मी कबूल करते. "देवधर जी की धर्मशाला एक दिन के लिए भी बंद नहीं हुई. पूरी कंपनी आज इसी पर खड़ी है." मग त्यांनी साहेबांना एक शील्ड दिली. तिच्यावर फोटो होता. साहेबांचा नव्हे, धर्मशाळेचा. फोटोतही पाटी वाचता येत होती.

साहेबांनी वाकून शील्ड घेतली आणि सगळ्यांचे आभार मानले. नंतर माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "रूथ, जी गोष्ट मला बंद करायची होती तिचा हार माझ्या गळ्यात घातला गं. आणि चूक त्यांची नाही. मी ती थोडी वाईट बांधायला हवी होती. रोज बंद पडली असती तर लोक नव्यावर गेले असते."

त्यांनी शील्ड माझ्या टेबलावर ठेवली.

"आता खातं तुझ्याकडे येईल. तू बंद कर. पण करशील तेव्हा मला बोलाव. बटण मी दाबणार."

मी हो म्हटलं. काकूंची परवानगी काढून त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर फक्त एकच बदल केला. चालू केला की आधी आमचा तो दोन रेघांचा स्क्रीन उघडायचा. सोमवारी सकाळी मला त्यांचा फोन यायचा. "रूथ, आज हिरवी जरा हलल्यासारखी वाटली." मी म्हणायचे, "हो सर, हलली." कधी हललेली असायची, कधी नसायची.

मग एका थंडीत ते फोन बंद झाले. धुकं इतकं होतं की स्मशानघाटावर माणसं एकमेकांना आवाजावरून ओळखत होती. त्यागी लहान मुलासारखा रडला.

*

त्यानंतर काय झालं, तर मोबाईल स्वस्त झाले. भाजीवाल्याच्या हातात आला, धोब्याच्या हातात आला, आणि त्या फोनना येतानाच नवे नंबर होते. कुणाला समजवावं लागलं नाही, कुणाला विचारावं लागलं नाही. पानिपतचे लालाजी फोनवरून नातवाशी बोलतात ते नव्या नंबरावरून, त्यांना पत्ताही नाही. हिरवी रेघ चढत गेली, आणि एका दुपारी लाल रेघेला ओलांडून वर गेली. भिंतीकडे बघत होतो फक्त त्यागी आणि मी. मिठाई आणायचं दोघांच्याही मनात आलं असेल, पण कुणी उठलं नाही. साहेबांनी या घडीचीच तर वाट पाहिली होती, आणि ती अशी, फुकटात, उशिरा आली. ते मला अजून सहन होत नाही.

धर्मशाळा हळूहळू रिकामी झाली. लोक आपापले नव्या मशीनवर गेले. खन्नासाहेबही रिटायर झाले. वरून निरोप आला, ती जुनी पेटी बंद करा, फुकट वीज खाते. त्यागीने आत कोण उरलंय ते पाहिलं.

"मैडम, एक ही कस्टमर है. रोज़ सुबह आता है, शाम को चला जाता है. नाम देखिए."

मी नाव बघितलं. "मैं खुद जाती हूँ," म्हटलं. ऑफिसातून नवी डबी आणि एक नवा कॉम्प्युटर गाडीत घेतला. जोडायला तासभर पुरे होतं.

फाटकावर दोन्ही पाट्या होत्या. काकू वाळल्या होत्या, पण करंज्यांची चौकशी त्यांनी आधी केली. मंजिरीने त्यांना फोन घेऊन दिलाय, आता त्या त्यावरूनच तिच्याशी बोलतात. मी विचारलं, मग हा कॉम्प्युटर?

"ह्याला मी काही करत नाही गं. सकाळी चहा ठेवला की चालू करते, दिवेलागणीला बंद करते. ते करायचे ना, तसं." त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बरं झालं तू आलीस. मला एक विचारायचं होतं. ती हिरवी रेघ बघ. आधी किती खाली असायची. हल्ली पार वर गेलीय. ते चांगलं असतं का गं? ते असते तर खूश झाले असते का?"

"हो काकू. खूप खूश झाले असते."

"मग मी बघते रोज. त्यांच्या वाटची."

तेवढ्यात माझा फोन वाजला. त्यागी होता, धर्मशाळेसमोर उभा.

"मैडम, काम हो गया? बटन दबा दूँ?"

काकू चहा गाळत होत्या. स्क्रीनवर हिरवी रेघ आणखी थोडी चढली.

"त्यागी जी," मी म्हटलं, "अगले साल देखेंगे."